कळी, माया आणि मध्यचकती : कापडी कळ्यांच्या गोल रुमालाची रचना व बहुभाषिकतेचे एक प्रतिमान

१. प्रश्नाची मांडणी

बहुभाषिक साहित्यव्यवहाराचे वर्णन करताना ‘गोधडी’ हे रूपक आपल्याकडे सहजपणे वापरले जाते. निरनिराळ्या भाषांतून, प्रदेशांतून आणि समाजगटांतून आलेले तुकडे एकत्र नांदतात व त्यांतून ऊब देणारी एक वस्तू तयार होते, असा त्यामागचा अभिप्राय असतो. या वापरात लक्ष असते ते तुकड्यांवर. ते कसे कापले, कोणत्या क्रमाने जोडले, जोडताना प्रत्येकाचा किती भाग झाकला गेला आणि जोडकाम कोठून सुरू झाले, हे प्रश्न बहुधा विचारलेच जात नाहीत. परिणामी ‘गोधडी’ हा शब्द विविधतेच्या कौतुकाचा एक पर्याय होऊन राहतो आणि विश्लेषणाचे साधन म्हणून त्याचा उपयोग उरत नाही.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न उलट्या बाजूने, म्हणजे प्रत्यक्ष शिवणकामाकडून हाताळला आहे. त्यासाठी एक साधी वस्तू निवडली आहे : टेबलावर अंथरावयाचा, कापडाच्या निमुळत्या तुकड्यांपासून शिवलेला, तीन थरांचा गोल रुमाल. हा रुमाल कसा बनतो हे आधी तपशिलाने सांगून, त्याची तुलना मराठी गोधडी, कन्नड कौदी व सिद्दी समाजाची कवंदी यांच्याशी केली आहे. तुकड्यांतून पूर्ण वस्तू घडविण्याच्या किमान दोन भिन्न पद्धती या तुलनेतून स्पष्ट होतात. त्या एकाच रूपकात कोंबल्याने साहित्यविचारात काही घोटाळे निर्माण होतात, असे येथे सुचवावयाचे आहे.

विवेचनाची भूमी बेंगळुरू ही आहे. चिकपेटेसारखी जुनी कापडबाजारपेठ आणि तयार कपड्यांचे अनेक कारखाने असलेल्या या शहरात कापडाचे कातरण विपुल मिळते, हे एक कारण. दुसरे कारण असे की, मराठीचा या शहराशी असलेला संबंध जुना आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बेंगळुरू जिंकले व ते शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत आले. त्यांच्या दरबारातील जयराम पिंड्ये याचा ‘राधामाधवविलासचंपू’ हा ग्रंथ बहुभाषिक रचनेचा एक महत्त्वाचा नमुना आहे. त्याकडे लेखाच्या उत्तरार्धात वळावयाचे आहे.

२. विणणे आणि शिवणे

साहित्यकृतीसाठी वापरल्या जाणाऱ्या वस्त्ररूपकांत विणकामाचे वर्चस्व आहे. इंग्रजी ‘टेक्स्ट’ हा शब्द विणणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे. विणकामात कापड आधी नसते. उभ्या व आडव्या धाग्यांच्या गुंफणीतून ते प्रथमच अस्तित्वात येते. शिवणकामाची अवस्था वेगळी आहे. येथे कापड आधीच झालेले असते, त्याला स्वतःचा पोत, काठ आणि पूर्वायुष्य असते. ते कापल्याशिवाय शिवता येत नाही. म्हणून अनुवाद, संकलन, आख्यान, समस्यापूर्ती अशा पूर्वरचित द्रव्यावर उभ्या असलेल्या प्रकारांसाठी शिवणकाम हे अधिक नेमके प्रतिमान ठरते. ग्रीक ‘ऱ्हॅप्सोड’ म्हणजे महाकाव्याचे गायन करणारा, या शब्दातही शिवणे या अर्थाचा धातू आहे, ही गोष्ट या दृष्टीने लक्षणीय आहे.

भारतीय भक्तिपरंपरेतही हा भेद व्यवसायाच्या रूपाने दिसतो. बाराव्या शतकातील कन्नड वचनकारांमध्ये सूजीकायकद रामितंदे यांचे नावच सुईकामाशी जोडलेले आहे. मराठीत शिंपी कुळातील संत नामदेवांच्या रचनांमध्ये गज, कातर, सुई व दोरा यांची रूपके येतात. त्यांची पदे गुरु ग्रंथ साहिबातही समाविष्ट आहेत. विणकर कबीर किंवा विणकर जेडर दासिमय्या यांच्या शेजारी या शिंप्यांना ठेवून पाहिले, तर मापणे, कापणे व जोडणे या क्रियांचे रूपकात्मक सामर्थ्य वेगळेपणाने लक्षात येते.

३. कळी : मोजमाप आणि कापणी

घेरदार वस्त्रासाठी वरून निमुळता व खाली रुंद असा जो तुकडा घालतात, त्याला शिवणकामात ‘कळी’ म्हणतात. कळीदार कुर्ता, कळ्यांचा घागरा हे शब्दप्रयोग परिचित आहेत. अशा कळ्या पूर्ण वर्तुळ होईपर्यंत जोडल्या की त्यांचा गोल रुमाल होतो.

येथे गृहीत धरलेला रुमाल २४ इंच व्यासाचा व १६ कळ्यांचा आहे. सोळा ही संख्या सोयीची असते, कारण कोनमापकाची गरज पडत नाही. १२ इंच त्रिज्येचे कागदी वर्तुळ कापून ते लागोपाठ चार वेळा निम्मे दुमडले की सोळा समान भाग होतात व प्रत्येक भागाचा कोन साडेबावीस अंश भरतो. त्यातील एक भाग जाड पुठ्ठ्यावर उतरवून घ्यावा. बाहेरच्या कडेला त्याची रुंदी सुमारे ४.७ इंच येते. त्याच्या दोन्ही तिरप्या बाजूंना पाव-पाव इंच ‘माया’ वाढवावी, म्हणजे बाहेरची रुंदी सव्वापाच इंचांच्या जवळ जाते. शिवणीच्या पलीकडे राखून ठेवलेल्या कापडाला मराठी शिवणकामात माया म्हणतात. रुमाल पुरा झाल्यावर ती दिसत नाही. परंतु ती नसेल तर पहिल्याच धुण्यात शिवण उसवते.

कळीचे टोक मात्र केंद्रापर्यंत नेऊ नये. कारण सरळ गणिताचे आहे. सोळा कळ्यांच्या रुमालात केंद्रापासून सुमारे दोन-तृतीयांश इंचाच्या आत कळीची दिसणारी रुंदी पाव इंचाहूनही कमी होते. म्हणजे तेथे कळीपेक्षा तिची माया अधिक रुंद असते. प्रत्येक कळीची माया शेजारच्या कळीखाली, पुढे तिच्याही शेजारणीखाली जाते आणि मध्यभागी कापडाचा इतका कठीण गोळा होतो की त्यातून सुई पार होत नाही. त्यावर फुलदाणीही सरळ उभी राहत नाही. म्हणून पुठ्ठ्यावरील नमुना केंद्रापासून दीड इंचावर छाटून टाकावा. सोळा कळ्या जोडल्यावर मध्यभागी जे भोक उरेल ते नंतर एका स्वतंत्र गोल चकतीने झाकावयाचे आहे. या चकतीचा तयार व्यास ४ इंच असावा, म्हणजे ती सभोवार अर्धा इंच कळ्यांवर चढते.

कापडासाठी दोन रंगांचे सुती तुकडे घ्यावेत. नमुना आलटून-पालटून उलटा-सुलटा ठेवल्यास ४४ इंच पन्ह्याच्या कापडाचा १२ इंच लांबीचा तुकडा आठ कळ्यांना पुरतो. बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्डचा खण मराठी व कन्नड या दोन्ही घरांत ओळखीचा आहे. तो वापरावयाचा असल्यास त्याचे धागे चटकन सुटतात हे ध्यानात घेऊन माया थोडी वाढवावी. कोणतेही कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. आटणे आणि रंग सोडणे हे दोन्ही दोष जोडण्यापूर्वीच निघून गेलेले बरे.

नमुना कापडावर ठेवताना कळीची मध्यरेषा उभ्या धाग्याला समांतर असावी. तसे केल्याने तिच्या दोन्ही बाजू धाग्यापासून सारख्याच, म्हणजे सव्वाअकरा अंशांनी, तिरप्या राहतात व सारख्याच ताणल्या जातात. कापड वाचविण्यासाठी एक बाजू धाग्याला समांतर ठेवली, तर दुसरी साडेबावीस अंशांनी उरेब होते. मग न ताणणारी बाजू ताणणाऱ्या बाजूशी शिवावी लागते आणि शिवणीवर झोल येतो.

४. शिवण : चुकीचे दोन प्रकार

कळ्या एकामागून एक वर्तुळाकार जोडत जाऊ नयेत. त्या जोडीजोडीने शिवाव्यात : सोळांच्या आठ जोड्या, आठांच्या चार, चारांची दोन अर्धवर्तुळे. प्रत्येक टीप बाहेरच्या कडेकडून मध्याकडे एकाच दिशेने मारावी. प्रत्येक टप्प्यावर शिवण इस्त्रीने दाबून घ्यावी आणि सगळ्या माया एकाच दिशेला वळवाव्यात. इस्त्री उचलून टेकवावी; ओढल्यास तिरपी कड लांबते.

येथे या वस्तूच्या रचनेतील सर्वांत शिकविणारी गोष्ट समोर येते. सुतारांच्या व गवंड्यांच्या मापात इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. समजा, पाव इंचाऐवजी प्रत्येक शिवण अर्धा सूत आत गेली. मग प्रत्येक कळी दोन्ही बाजूंनी मिळून एक सूत गमावते व सोळा कळ्यांत परिघाचे दोन इंच जातात. वरवर पाहता रुमाल बिघडला असे वाटेल. परंतु चूक केंद्रापासून परिघापर्यंत एकसारखी असेल, तर कळीचा कोन बदलत नाही. साडेबावीस अंशांच्या सोळा कळ्या मिळून ३६० अंश भरतातच आणि रुमाल टेबलावर सपाट बसतो. त्याची त्रिज्या तेवढी सुमारे तृतीयांश इंचाने कमी होते.

आता समजा, शिवण मध्याजवळ अचूक आहे, पण बाहेरच्या कडेकडे जाताना हळूहळू अर्धा सूत आत सरकली. परिघाचे नुकसान पूर्वीइतकेच, दोन इंचांचेच आहे. तथापि आता प्रत्येक कळीचा कोन घटला आणि एकूण वर्तुळात सुमारे दहा अंशांची तूट आली. अशी आकृती सपाट बसूच शकत नाही. कापड ताठ असेल तर मध्यभाग छत्रीसारखा उचलला जातो. बारा इंच त्रिज्येवर ही उंची सुमारे पावणेतीन इंच होते. कापड मऊ असेल तर कोठेतरी चुणी पडते. उलट, कडेकडे शिवण बाहेर सरकली तर परिघ जास्त होतो व रुमालाच्या काठाला झालरीसारख्या लाटा येतात.

तात्पर्य असे की, तोट्याचे प्रमाण सारखे असूनही परिणाम भिन्न होतात. एकसारखा तोटा वस्तू लहान करतो, तिचे स्वरूप मोडत नाही. जागोजागी बदलत जाणारा तोटा मात्र थोडासा असला तरी पूर्ण रचनेला वाकवतो, आणि तो कोणत्याही एका कळीत डोळ्यांना दिसत नाही. सोळा कळ्या जोडल्यावरच त्याचा पत्ता लागतो.

म्हणूनच शेवटच्या जोडाआधी तपासणीची एक जागा राखलेली असते. दोन अर्धवर्तुळे तयार झाल्यावर प्रत्येकाची मोकळी कड पट्टीला लावून पाहावी. ती सरळ रेषेत आली तर आतापर्यंतचे काम ठीक आहे. कड मधोमध वाकलेली असेल आणि अर्धवर्तुळ १८० अंशांहून मोठे असेल, तर खडूने सरळ रेषा आखून जास्तीचे कापड छाटता येते. ते लहान असेल तर छाटून भागत नाही. शिवणी उसवून पुन्हा शिवाव्या लागतात. ही तपासणी करूनच दोन्ही अर्धवर्तुळे जोडावीत. मध्यचकतीची कड आत वळवून ती भोकावर बारीक टाक्यांनी बसविण्याचे काम सर्वांत शेवटी येते.

५. थर, धावदोरा आणि मगजी

वरचा थर तयार झाला की २७ इंची चौरस अस्तर उलटे अंथरावे, त्यावर जुन्या सुती चादरीचा किंवा फ्लॅनेलचा तेवढाच तुकडा व त्यावर कळ्यांचे वर्तुळ सुलटे ठेवावे. बेंगळुरूच्या सौम्य हवेत आणि टेबलाच्या कामासाठी कापसाच्या जाड थराची आवश्यकता नसते. जाडी वाढली तर त्यावर ठेवलेला पेला कलंडतो. तिन्ही थरांना मध्यापासून बाहेर कच्चे टाके घालावेत. नंतर प्रत्येक शिवणीपासून पाव इंच अंतरावर धावदोरा घालावा, तोही मध्याकडून कडेकडे. कारण वरचा थर आता ठरलेल्या मापाचा आहे. त्यात झोल राहिला तर त्याला निघून जाण्यास बाहेरची कड हीच एक वाट आहे. कडेकडून मध्याकडे शिवत गेल्यास सगळा झोल मध्यचकतीपाशी कोंडतो.

यानंतर जास्तीचे अस्तर गोलाकार छाटून काठाला मगजी लावावी. परिघ सुमारे साडेपंचाहत्तर इंच असल्याने दोन इंच रुंद व ८० इंच लांब पट्टी लागते. ती उरेब कापलेलीच असावी. सरळ धाग्याची पट्टी गोल काठावर वळत नाही. कळी कापताना जो उरेबपणा टाळावा लागला, तोच मगजीला आवश्यक असतो. अंतर्भागाला स्थैर्य हवे असते, सीमेला लवचिकता.

६. गोधडी, कौदी, कवंदी : दुसरी पद्धत

या रुमालाची पद्धत समोर ठेवून गोधडीकडे पाहिले की दोन्हींतील अंतर ध्यानात येते. मराठी गोधडी किंवा वाकळ जुन्या लुगड्यांची, धोतरांची बनते. तिचे माप अंगाचे असते, कोनाचे नसते. उत्तर कर्नाटकात तिलाच कौदी म्हणतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांतील आफ्रिकी वंशाच्या सिद्दी स्त्रियांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. अमेरिकन कलेतिहासकार हेन्री जॉन ड्र्यूवाल यांच्या अभ्यासामुळे ती जगभर माहीत झाली. सिद्दींची बोली कोकणी-मराठीशी निगडित असून तिचा कन्नडशीही नित्य संबंध आहे, हे तुलनाकारांनी नोंदवावे.

कवंदीचे काम कडेपासून सुरू होते. अस्तर अंथरून शिवणारी स्त्री एका कोपऱ्याशी बसते, काठालगत तुकडे ठेवते, त्यांच्या कडा दुमडते व धावदोऱ्याने तेथल्या तेथे पक्के करते. मग ती सभोवार फिरत, एकेक फेरा आत सरकत, मध्याकडे येते. पुढचा तुकडा आधीच्या तुकड्याच्या कडेवर चढतो. तुकडा आणि थर यांचे जोडकाम एकाच टाक्यात होते. वरचा थर आधी वेगळा तयार होत नाही. कोठे झोल आला तर पुढचा तुकडा तो सामावून घेतो. म्हणून येथे कडेकडून मध्याकडे येणे हा दोष ठरत नाही. शेवटी चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या तुकड्यांची ‘फुले’ लावतात.

दोन्ही पद्धतींतील भेद असे मांडता येतील. कळीच्या पद्धतीत पूर्ण वस्तूची कल्पना आधी असते आणि तुकडा त्या कल्पनेच्या भागाकाराने ठरतो. ठिगळाच्या पद्धतीत तुकडा आधी असतो आणि पूर्ण वस्तू त्यांच्या बेरजेने ठरते. कळीत सर्व तुकडे समान असावे लागतात. ठिगळात ते असमान असले तरी चालते. कळीत प्रत्येकाचा सारखाच भाग मायेच्या रूपाने झाकला जातो. ठिगळात नंतर आलेला तुकडा आधीच्यावर चढतो, म्हणजे झाकले जाणे हे क्रमावर अवलंबून असते. कळीतील चूक साठत जाते. ठिगळातील चूक पुढच्या पायरीवर विरते. कळीच्या रुमालातून एक कळी काढली तर सगळी आकृती मोडते. गोधडीचे एक ठिगळ फाटले तर त्यावर दुसरे बसते.

७. साहित्यविचारातील उपयोग

युरोपीय परंपरेतील ‘सेंटो’ हा काव्यप्रकार प्रथम पाहू. या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ ठिगळांचे वस्त्र असा आहे. व्हर्जिलच्या ओळी व ओळींचे अर्धे तुकडे जोडून नवे काव्य रचण्याची ही पद्धत चौथ्या शतकात भरास आली. प्रोबा या कवयित्रीने तिच्याद्वारे बायबलची कथा सांगितली, तर ऑसोनियसने विवाहकाव्य रचले. नावाने हा प्रकार गोधडीचा असला तरी ऑसोनियसने प्रास्ताविक पत्रात दिलेले नियम कळीचे आहेत. ओळ कोणत्या यतीवर कापावी हे तो सांगतो आणि या रचनेची तुलना चौदा तुकड्यांच्या एका भौमितिक खेळाशी करतो. तुकडा कोठेही तोडता येत नाही. छंदाचे माप आधीच ठरलेले असते. रूपकाच्या नावावरून रचनेचे स्वरूप गृहीत धरू नये, याचे हे चांगले उदाहरण आहे.

आता बेंगळुरूकडे वळू. सतराव्या शतकाच्या मध्यास शहाजीराजांच्या आश्रयाने जयराम पिंड्ये याने रचलेला ‘राधामाधवविलासचंपू’ वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. बारा भाषांत रचना करणारा कवी म्हणून जयरामाची ख्याती आहे. त्याच्या ग्रंथात संस्कृत चंपूला देशभाषांमधील रचनांचा भाग जोडलेला असून दरबारातील समस्यापूर्तीचे प्रसंगही आले आहेत. इतिहासाचे साधन म्हणून या ग्रंथाचा उपयोग बराच झाला. त्याच्या जोडकामाचा विचार तितकासा झालेला नाही.

समस्यापूर्ती ही कळीची रचना आहे. एक चरण दिलेला असतो, प्रत्येक पूर्ती आपल्या भाषेचे व छंदाचे कापड घेऊन त्या बिंदूकडे निमुळती होत येते. भाषा कितीही असोत, सर्वांना एकाच जागी भिडावयाचे असते. ग्रंथाची एकंदर जुळणी मात्र कळीची नाही. संस्कृत भाग मोठा आहे, देशभाषांचा भाग त्याला लागून आलेला आहे आणि भाषांचे वाटे समान नाहीत. ती काठाला काठ लावून केलेली गोधडीची जुळणी आहे. एकाच ग्रंथात दोन्ही पद्धती नांदतात, हे सामान्य ‘गोधडी’ रूपकाने दिसत नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा मध्यचकतीचा आहे. तयार रुमाल पाहणाऱ्याला असे वाटते की कळ्या मध्यातून उमलल्या आहेत. शिवणाऱ्याला ठाऊक असते की कळ्या तेथे पोहोचल्याच नाहीत. सोळा माया एका बिंदूत मावत नाहीत म्हणून तेथे भोक ठेवावे लागले आणि चकती शेवटी वरून लावली. केंद्र हे या रचनेचे उगमस्थान नसून तिच्यातील एका अडचणीवरचे झाकण आहे. बहुभाषिक दरबारात आश्रयदात्याची स्तुती कोणते कार्य करते, हे यावरून विचारता येईल. निरनिराळ्या भाषांना एकत्र आणणारा अर्थ आधीपासून होता, की त्या जेथे भिडू शकत नाहीत ती जागा राजस्तुतीने झाकली?

हाच प्रश्न आधुनिक काळातही लागू पडतो. १९५४ मध्ये स्थापन झालेली साहित्य अकादेमी आज २४ भाषांना मान्यता देते. भाषा अनेक असल्या तरी भारतीय साहित्य एकच आहे, ही तिच्या संदर्भात नेहमी सांगितली जाणारी भूमिका कळीच्या रचनेची आहे : समान वाटे, एक वर्तुळ, एक केंद्र. ही रचना निरुपयोगी आहे असे नव्हे. भाषांना समान प्रतिष्ठा देण्याचे सामर्थ्य तिच्यातच आहे, ठिगळाच्या पद्धतीत नाही. मात्र त्या केंद्राला उगम समजणे आणि चकती समजणे यांत अभ्यासाच्या दृष्टीने मोठा फरक पडतो.

अनुवादाच्या बाबतीत चुकीच्या दोन प्रकारांचा भेद उपयोगी पडतो. प्रत्येक अनुवादात काही भाग माया म्हणून आत जातोच. एखाद्या संकलनात सर्व भाषांतील बोलीभाषिक छटा एकसारख्या प्रमाणात गमावल्या गेल्या, तर संकलन आक्रसते, पण तुलना शक्य राहते. एका भाषेतील बोली जपली, दुसरीतील प्रमाण केली, तिसरीत मधूनच सोडून दिली, तर एकेक अनुवाद स्वतंत्रपणे उत्तम असूनही एकत्र वाचताना रचना वाकते. अशा संकलनावरून काढलेले निष्कर्ष भाषांविषयीचे असतात की संपादकाच्या शिवणीविषयीचे, हे सांगणे अवघड होते. म्हणून संपादकाने माया किती धरली हे प्रस्तावनेत नोंदविणे हा शास्त्रीय गरजेचा भाग आहे.

प्रत्यक्ष शहराचे भाषाजीवन मात्र वर्तुळात बसत नाही. बेंगळुरूतील मराठी ही एक कळी नव्हे. सतराव्या शतकातील दरबाराची मराठी, कन्नड वातावरणात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या नामदेव शिंपी व भावसार घरांतील मराठी, १९४० मध्ये सुरू झालेला विमानकारखाना व १९४८ मधील टेलिफोन कारखाना अशा उद्योगांच्या काळात नोकरीनिमित्त आलेल्यांची मराठी आणि संगणकक्षेत्राबरोबर आलेली मराठी असे तिचे थर आहेत. ते एकमेकांवर चढलेले आहेत. कोणता कोणाखाली गेला हे येण्याच्या क्रमावर ठरले. तिचा अभ्यास कवंदीप्रमाणे कडेकडून, म्हणजे कन्नड, तेलुगू, दख्खनी यांच्याशी लागून असलेल्या काठांपासून सुरू करावा लागेल. समान वाट्याच्या मापाने तो केल्यास ज्या मराठीला कागदोपत्री वाटा मिळालेला नाही ती दृष्टीआडच राहील.

८. समारोप

कापडी कळ्यांचा गोल रुमाल ही घरगुती वस्तू आहे. तिच्या रचनेतून हाती आलेले तीन मुद्दे असे : तुकड्यांपासून पूर्ण वस्तू घडविण्याच्या भागाकाराच्या व बेरजेच्या अशा दोन पद्धती आहेत आणि त्यांचे नियम परस्परविरुद्ध आहेत, जोडताना होणारा तोटा टाळता येत नाही, पण तो एकसारखा ठेवता येतो, आणि वर्तुळाकार रचनेतील केंद्र पुष्कळदा नंतर लावलेले असते. यापुढे एखाद्या ग्रंथाला, संकलनाला किंवा शहराला गोधडी म्हणताना ती कळीची की ठिगळाची, शिवण मध्याकडून सुरू झाली की कडेकडून, आणि मायेत काय गेले, एवढे प्रश्न विचारले गेले, तरी या जुन्या रूपकाला विश्लेषणाचे बळ पुन्हा मिळू शकेल.